आस

तळाशीलच्या दांड्यावर बाबा उभे,
हातात रापणीची ओली दोरी,
मागं चार टोपल्यांत मिळून एक टोपली मासळी.
समोर क्षितिजावर शहर वसलं होतं,
संध्याकाळी नव्हतं, पहाटे नसणार.
एलईडीच्या बोटी.
"ह्योच दिवो ना गो, तू करतंस तो?"

नाही म्हटलं. मग हो म्हटलं.
माझा दिवा म्हणजे एक थर,
केस हजारदा चिरला तर हाती लागेल एवढा.
उजेड त्याच्या आत जन्मतो, आतच आपटत राहतो;
पाचातला एक सुटतो,
तोही वाट फुटेल तिकडे.
म्हणून थरावर चर कोरायचे,
केसाच्या रुंदीत अडीचशे.
चरांमधलं अंतर बदललं
की उजेड वाट बदलतो.

"उजेड म्हणजे काय गुरां आसत, हाकलूक?"
म्हणाले खरे, पण पडवीत फाटक्या जाळ्यावर
सुई थांबली होती.
आस केवढा ठेवायचा, कोण अडकेल, कोण निसटेल,
हे त्यांना कुणी शिकवायला नको.

ध्रुवण मात्र दोरीनं सांगितलं.
एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.
वर-खाली हिसडली तर लाट उभी,
डावी-उजवी हिसडली तर आडवी.
चर एकाच तऱ्हेनं झुलणारीला सोडतात.
आपल्या डोळ्यांना यातलं काही कळत नाही.
माकुलाला कळतं.
"माकुलाक?"
त्या रात्री पहिल्यांदा हसले.

सकाळी खाडीकडे नेलं,
धुरकट काचेसारखा तुकडा डोळ्यांपुढं धरायला दिला.
फिरवला,
आणि पाण्यावरची चांदी सोलून निघाली.
खाली वाळू, बोयांची पिल्लं,
गेल्या शिमग्यात हरवलेला आमचाच नांगर
अर्धा गाळात.
फिरवला, परत चांदी.
फिरवला, परत नांगर.
कितीतरी वेळ.

मग तुकडा परत देत, माझ्याकडे न बघता,
"तुझो उजेड सगळो सरळ खाली जातलो?
आजूबाजूक सांडूचो नाय?"
नाही सांडणार, मी म्हटलं. ताठ मानेनं म्हटलं.
"म्हंजे मगे किनाऱ्यावरून
बोटी आमका दिसूच्यो नाय."

प्रयोगशाळेत परतल्यावर वहीत
नमुना क्रमांक लिहिला, थराची जाडी, चरांचं अंतर.
कोनाच्या रकान्यात पेन टेकवलं.
शाई पसरत राहिली
सगळ्या बाजूंना सारखीच.