वाटो

ग्रामसेवकाने विचारलं, वय?
मी म्हटलं ब्याण्णव. मागून दिगूकाका म्हणाला, शहाण्णव.
ती असती तर म्हणाली असती,
"पडाव उलाटलो ना, तेच्या मागच्या पावसात
मी जल्माक इलंय,"
आणि पडाव कुठला ते आम्हीच शोधायचं.

पत्ता?
लग्न होऊन आली ते घर
आता होड्या नांगर टाकतात तिथे आहे,
दोन वाव पाण्याखाली.
दुसरं एका भरतीत गेलं, तुळशीसकट.
उरलेलं जातं तिने डोक्यावरून आणलं तिसऱ्या घरात.
समुद्राला कधी शिवी दिली नाही,
बाकी सगळ्यांना दिली.
"घेतल्यान तर घेतल्यान. इतकी वर्सां
जेवक कोण घालता?"

तळाशीलची ही पट्टी,
पुढच्या दारात समुद्र, मागच्या पडवीत खाडी,
मध्ये माड, जाळी आणि आम्ही.
एवढ्याशा जमिनीवर ती पाच पोरांना ओरडत वाढवत गेली.
आजा वारला तेव्हा घरात अर्धी होडी होती,
अर्धी त्याच्या भावाची.
आमच्या रापणीत बायका दोरीला हात लावत नसत.
चौथ्या महिन्यात हिने पदर खोचला
आणि शेवटच्या माणसामागे जाऊन उभी राहिली.
कुणी काही बोललं नाही. दोरी जड होती, बोलायला दम नव्हता.

व्यवसाय?
त्याने मला न विचारताच लिहिलं, गृहिणी.
मी खोडायला सांगणार होते.
पण काय लिहा म्हणून सांगायचं?

एकदा ती ठाण्याला गेली होती, धाकट्याकडे, नवव्या मजल्यावर.
अकरा दिवसांनी परत आली.
कसं होतं गे, विचारलं तर म्हणाली,
"वारो आसा, पण कामाचो नाय."
मोबाईल कानाला लावायची नाही,
ताटलीसारखा तळहातावर धरून
त्याच्यावर ओरडायची.
पणतीचा पहिला दात तिने असा,
ओरडून, साजरा केला.

दाखला घेऊन मी तरीची वाट बघत बसले
आणि मला आठवली ती वाटे करतानाची.
ओल्या वाळूवर सरळ ओळ,
बांगडे, पेडवे, कधी चुकून एखादा सरंगा.
मोजायची नाही. नजरेने टाकायची,
आणि भांडण कधी झालं नाही.
सगळे वाटे झाले की एक वेगळा निघायचा.
कुणाचा, ते कधी सांगितलं नाही.
तिन्हीसांजेला माझ्या हातात परडी द्यायची,
घर सांगायची, आणि
"दार वाजवू नको. पायरेर ठेव नि ये."

मी सात-आठ वर्षांची. धावत जायची, धावत यायची.
कुणाच्या घरी चूल पेटली नव्हती
ते गावात तिला आणि मला ठाऊक असायचं.
मला ते कळत नव्हतं हा भाग वेगळा.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी
सकाळी दार उघडलं तर पायरीवर परडी.
केळीच्या पानाखाली सात बांगडे,
डोळे अजून चकचकीत.
मालनकाकी कडाडली,
"सुतकात म्हावरा? कोणाचा टकला फिरला?"
रस्त्यावर कुणी नव्हतं. कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं.
दिगूकाका परडीकडे बघत राहिला,
मग आत जाऊन तोंड धुऊन आला.
एकदा धुतलं होतं तरी.

टाकायचे कसे? खायचे कसे?
मी विळी घेतली. पाठीतून चिरले,
जाड मीठ, एक थर मासे, एक थर मीठ,
तिच्याच मडक्यात, तिच्यासारखंच फडकं बांधून.

आषाढात समुद्र बंद झाला तेव्हा
मडकं उघडलं.
पेजेबरोबर एकेक बांगडा निखाऱ्यावर भाजून
आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ला.
कुणी तिचं नाव काढलं नाही.
मीठ थोडं जास्त झालं होतं.
ती बोलली असती.