साडेतीनचा सुळका

यंत्र साबणाच्या वडीएवढं.
चुलीपासून दोन हातांवर टांगलं,
पाळण्यापासून चार.
तुर्सुनाय म्हणाली, हे ऐकतं का?
नाही, फक्त हुंगतं.
आणि थंडी वाजली तर लिहून ठेवतं.
आमच्या कुत्र्यासारखं, ती म्हणाली,
फक्त त्याला लिहिता येत नाही.

प्रश्नावलीत एकेचाळीस प्रश्न.
कोळसा दिवसाला किती बादल्या.
खिडकी कोणत्या महिन्यात उघडता.
बाळ रात्री किती वेळा खोकतं:
इथे तिने आकडा सांगितला नाही,
खोकून दाखवलं,
हुबेहूब, शेवटच्या शिट्टीसकट.
मी लिहिलं, सहा ते आठ.

घरात माणसं किती?
ती, बाळ, सासरा जुमाकादिर.
नवरा येकातेरिनबर्गला छपरांवरचा बर्फ उपसतो.
त्याला धरायचं की नाही
हे सूचनांमध्ये नव्हतं.

दहा दिवसांनी यंत्र नारीनला आणलं.
पडद्यावर रेघ उमटली.
सकाळी एक डोंगर, चहाचा.
संध्याकाळी दुसरा, रोट्यांचा.
आणि रोज रात्री साडेतीनला,
चूल विझलेली असताना,
एक बारीक, टोकदार सुळका.

एर्मेक म्हणाला, बिघाड आहे. खोडून टाक,
सरासरी सरळ येईल.

मी खोडला नाही.
शुक्रवारी पुन्हा गेले, विचारलं,
साडेतीनला घरात काय असतं?
झोप, तुर्सुनाय म्हणाली.
म्हातारा दारातल्या बुटांकडे बघत राहिला.
मग कोटाच्या खिशातून त्याने काढली
आर्चाची वाळकी डहाळी.

बाळ खोकलं की उठतो.
राखेखालचा निखारा तव्यात घेतो,
वर डहाळी,
दृष्ट काढावी तसा धूर पाळण्याभोवती तीनदा.
अनवाणी. सुनेची झोप मोडू नये.
माझ्या आईने माझ्यावरून फिरवला होता.
तुझ्यावरून नाही फिरवला कुणी?

फिरवला होता.

पाठ केलेलं वाक्य,
‘धूर कशाचाही असो’,
जिभेपर्यंत आलं आणि तिथेच बसून राहिलं.
मी नुसता लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.
सुळक्यावर बोट ठेवून तो म्हणाला, हा मी?
तुम्ही.
आणि मागून येणाऱ्या या खुणा?
खोकला. तुर्सुनायने वहीत लिहिलेला.
त्याने खुणा मोजल्या. परत मोजल्या.
मेंढरं कमी भरल्यावर मोजतात तशा.

बऱ्याच वेळाने विचारलं,
अंगणात फिरवला तर पोचेल का त्याच्यापर्यंत?

यावर, मी म्हटलं,
अजून कुणी संशोधन केलेलं नाही.

पुढचे दहा दिवस.
खोकला चार ते पाच. कमी, पण पुरेसा कमी नाही.
कोळशाचं सगळं बाकीच आहे,
अहवालात तसंच लिहिलं.
साडेतीनला धुराची रेघ सपाट.
फक्त तिच्या खालची, तापमानाची,
रोज त्याच वेळी
दोन अंशांनी खाली उतरते,
आणि परत वर येते.
कुणीतरी दार उघडून बाहेर जावं,
आणि अगदी हळू लोटून घ्यावं,
इतपत.