पन्नास ओहम

बोगदा ओलांडून सिग्लूफ्योर्दुरला पोचले तेव्हा दुपारचे तीन,
म्हणजे रात्रच.
थोर्गिल्स मासळीच्या कारखान्याच्या दारात, हात एप्रनमध्ये खुपसून:
"पोरी, मासा काट्यावर चढतो,
पण वजन वर ऑफिसात पोचत नाही."

यंत्र माझ्याहून दोन वर्षांनी मोठं.
झाकण काढलं तर आत मिठाचा पापुद्रा,
एक खवला, भिंगासारखा,
आणि नेटवर्क कार्ड,
खाचेत बसलेलं, जुन्या भाडेकरूसारखं, हलायला तयार नाही.

हलवलं. सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं,
परत दाबलं. ढिम्म.
स्वतःची परीक्षा घे म्हटलं,
तर पठ्ठ्या पैकीच्या पैकी गुण घेऊन मोकळा.
मग घोडं पेंड खातंय कुठे?

तीन नंबरच्या हाकेत.
मागल्या महिन्यात आणलेला काटा तीनवर हाक मारतो,
कार्डही तीनवरच,
आणि प्रोसेसर बिचारा
एकच कडी दोघांनी वाजवावी तसा
कुणालाच ओ देत नाही.
नखाएवढा जंपर चिमट्यानं उचलला,
तीनवरून पाचवर ठेवला.
काटा शुद्धीवर आला.
जाळं नाही.

"जाळ्याचं मला सांगू नकोस," थोर्गिल्स म्हणाला,
"चाळीस वर्षं विणलंय. आधी टोकं बघ."

मीटर लावला.
पंचवीस हवे होते, पन्नास आले.
एक टोक उघडं.

त्याला समजावलं, या तारेच्या दोन्ही टोकांना टोपण लागतं,
अंगठ्याच्या पेराएवढं, पन्नास ओहमचं.
ते काही बोलत नाही, आलेलं सगळं ऐकून घेतं.
ते नसलं की शब्द टोकाला आपटून उलटा फिरतो
आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो.
तो जरा वेळ गप्प राहिला.
"आमच्या घरी," म्हणाला, "ते काम माझ्याकडे आहे."

टेबलाखाली शोधलं, गटाराच्या जाळीत शोधलं,
गंजक्या किल्ल्यांच्या डब्यात, बर्फाच्या क्रेटमागे.
बोटं बधिर झाली तशी कॉफीच्या खोलीत गेले.

तिथे बोगुमिला आणि म्हातारा सिग्वाल्दी
बुद्धिबळावर वाकलेले.
काळ्यांचं एक प्यादं चकाकत होतं.

काखेत कळसा!

"कुठून आणलंस?"
"काटा बसवताना टेबल सरकवलं, तेव्हा सापडलं.
कुणाचंच नव्हतं."
दोन घरं उरली होती त्याची वजीर व्हायला.
तिनं पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या निळ्या बोटांकडे,
एप्रनच्या खिशातून कॉडच्या कानातला खडा काढला,
घासून पुसला
आणि त्याच घरात ठेवला.

"हे पांढरं आहे," सिग्वाल्दी कुरकुरला.
"कुणाचं आहे ते ठाऊक आहे तुला."

पाव वळसा दिला, टोपण बसलं.
थोर्गिल्सनं एक मासा काट्यावर टाकला,
आणि जिन्यावरून खाली आवाज आला,
वैतागलेला, कारण तोवर सगळे हातानंच लिहीत होते:
"चार किलो सातशे! ऐकू येतंय का खाली?
चार किलो सातशे!"

गाडीची काच खरवडताना खिडकीतून दिसलं,
कानातला खडा एक घर पुढे सरकला होता.
सिग्वाल्दी हनुवटी चोळत होता.