साडेसातची, पाचची, तीनची

पारोळ्याला स्टँडमागे माझं दुकान.
चाळीस वर्षं जळालेल्या मोटारी उघडतोय,
नुसत्या वासावरून सांगतो
कुठला फेज गेला.

परवा हर्षाली आली, भावाची पोर,
जळगावला प्रयोगशाळेत असते.
मोबाइलवर एक ठिपका दाखवला:
"काका, हीपण मोटारच."

ना तांब्याची तार, ना बेअरिंग.
मॅग्नेशियमचा कण म्हणे,
पोटातल्या आम्लात बुडबुडे सोडत सुटतो
पाठीवर औषध घेऊन.
मी विचारलं, आणि स्टार्टर?
ती हसली. आम्लच.

उखाभाऊ बाकावर, जुना अल्सरवाला,
बशीतला चहा बशीतच.
अर्धं आयुष्य जिला शिव्या घातल्या
ती जळजळ कुणाला पुढे ढकलते,
हे त्याने दोनदा विचारून घेतलं.
"अजून उंदरांपर्यंतच पोचलंय, बाबा,"
हर्षाली म्हणाली.

ठिपका पुन्हा लावला.
कशाला तरी धडकला, गरगरला,
परत निघाला.
उखाभाऊ वाकून,
गल्ली चुकलेल्या पोराला विचारावं तसा:
"कथा चालना रे भो?"

मी हातातली तार खाली ठेवली.
सवयीने कान लावला फोनला.
काहीच आवाज नव्हता,
आणि मोटार चालू होती.