दोन फेरे

पांगरखेडच्या शाळेत सातवीला अणू शिकवताना
पुस्तकाच्या जरा बाहेर गेलो.
म्हटलं, आपण सगळे ज्यांचे बनलोय
त्या कणांच्या घराण्याला फर्मिऑन म्हणतात,
आणि त्यांचं एक विचित्र आहे:
एकदा पुरता फिरला
तरी कण पहिल्यासारखा होत नाही.
आणखी एक फेरा घ्यावा लागतो.

मागून संघदीप म्हणाला,
"काहून जी सर? बैल तं एकाच फेऱ्यात जाग्यावर येते."

फळ्यावर बाण काढला, पुसला, पुन्हा काढला.
खडू मोडला.

खिचडीवाली कौतिकाबाई दारात कधीची उभी.
पाण्यानं काठोकाठ गडवा तिनं तळहातावर ठेवला
आणि हात काखेखालून आत वळवला.
गडव्याचा फेरा पुरा झाला,
पण कोपर आढ्याकडे,
दंड पिळलेल्या लुगड्यासारखा.
"हा तुमचा एक."
मग तोच हात, त्याच अंगानं, डोक्यावरून.
कोपर खाली आलं. हात मोकळा.
"हा दुसरा."
थेंब सांडला नाही.
तिचा बाप दंडारीत असाच नाचायचा,
गडव्याच्या जागी पेटता दिवा.

मग पोरं ताटल्या घेऊन ओट्यावर,
एकाच जागेसाठी दोघं, ढकलाढकली.
मी ओरडलो, अरे, एका जागी दोघं
हे कणांनाही खपत नाही!
म्हणून तर ही फरशी आपल्याला तोलते,
म्हणून कौतिकाबाईची पळी
गंजाच्या बुडातून आरपार जात नाही.
कुणी ऐकलं नाही. खिचडी गरम होती.

दुपारी ती राखेनं गंज घासत होती.
वर न बघता म्हणाली,
"सासरहून मी बी परत आली होती, सर, पोरगी घेऊन.
एका चकरीत मानूस घरी नाही येत.
नुसतं गावात येते."

मी विचारलं नाही
दुसरी चक्कर कोणती ते.

रात्री भाड्याच्या खोलीत
कडी लावून गडवा भरला.
माझं गाव इथून तीन एसट्या लांब,
आठ वर्षांत एकदा जाऊन आलोय.
तळहात काखेखालून नेला.
पहिल्या फेऱ्यातच मनगट अडलं,
पाणी बाहीतून
कोपरापर्यंत.