चाहूल : नियम सात-तीन

पहिल्या चाचणीत दोन्ही पाणबुड्या
सहा मिनिटांत बुडाल्या.
गुनवोर म्हणाली, अजून माझी कॉफीसुद्धा निवली नाही.
मी वहीत लिहिलं : टॉर्पेडो फार शहाणे झालेत,
त्यांची अक्कल दोन अंकांनी कमी करावी.

दुसऱ्या चाचणीत कुणी हललंच नाही.
दोघं आपापल्या पुठ्ठ्याच्या आडोशाला
मूग गिळून बसलेले,
आणि मध्ये मी, पंच,
वाफल्सवरचं तपकिरी चीज कोरून खात.
म्हणजे थांबण्याचीही किंमत हवी.
मग बॅटरी आली : साठ ठिपके.
सरपटलात तर एक, धावलात तर नऊ,
आणि नुसते श्वास घेत पडून राहिलात तरी
दर तिसऱ्या खेळीला एक.

होर्टेनला जानेवारीत साडेतीनलाच दिवे लागतात.
दोरखंडांच्या दुकानामागची ही खोली,
डांबराचा वास, हीटरवर ओले लोकरी मोजे,
टेबलावर मी आखलेला फ्योर्ड, षटकोनांचा,
कुठल्याच नकाशात नसलेला.
वर नद्यांचं गोडं, गार पाणी,
खाली खारं, जड, किंचित उबदार.
मधल्या सांध्यात आवाज वाकतो.
हे मला आयलिफनं शिकवलं,
तळहात हळूहळू तिरका करत.
एकवीस वर्षं तो पाणबुडीचा कान होता.
आता त्याच्या डाव्या कानात यंत्र आहे.

तिसऱ्या चाचणीत गुनवोरनं मला पकडलं :
"तू फासा टाकतेस तेव्हाच तो जवळ असतो."
खरं होतं.
मी ताकास तूर लागू देत नव्हते,
फासा चुगली करत होता.
म्हणून सात-तीन :
पंचानं दर खेळीला फासा टाकावा,
ऐकण्यासारखं काही असो वा नसो,
मग उठून दोघांच्याही कानात सांगावं,
आणि "नाही" म्हणायला
"आहे" इतकाच वेळ घ्यावा.
मी घरी आरशासमोर सराव केला.
आहे. नाही. नाही. आहे.
नवऱ्यानं न्हाणीघरातून विचारलं,
ठरलं का एकदाचं?

चौथी चाचणी.
आयलिफ थेट तळाशी जाऊन निजला,
एकशे ऐंशी मीटर. पंप बंद, पंखे बंद.
टेबलाखाली त्यानं खरोखरचे बूट काढले.
गुनवोर नाकासमोर जाणारी,
फेरीबोटीवर तिकिटं फाडण्यात जन्म गेलेली.
ती दक्षिणेकडून आली, चार नॉट, चार, तीन,
आणि अकराव्या खेळीला
नेमकी त्याच्या डोक्यावर.
एक षटकोन, दोन पाणबुड्या,
मध्ये पाण्याची जाड रजई.
फासा टाकला. तिच्या कानात : नाही.
टेबलाला वळसा घालून
त्याच्या उजव्या कानात : आहे.
वर. अगदी वर.

चार टॉर्पेडो होते त्याच्याकडे.
माझा तक्ता म्हणत होता, दहात नऊ वेळा लागेल.
त्यानं पेन्सिल उचलली नाही.
डोळे मिटले. ओठ हलत होते,
मोजत होता काहीतरी,
माझ्या पुठ्ठ्याच्या सोंगटीत नसलेलं.
बाराव्या खेळीला ती दोन षटकोन पुढे.
तेराव्याला मी त्याच्या कानात म्हटलं : नाही.
आणि सरावापेक्षा जरा जास्त वेळ घेतला.

ठिपके संपले, डाव बरोबरीत.
गुनवोर चिडलेली : "होतास कुठे?"
त्यानं सोंगटी डबीत टाकली.
"पाच पाती," तो म्हणाला. "एकाला खाच होती.
चाळीस मिनिटं ऐकत होतो."
"माझ्या पाणबुडीची?"
तो खाली वाकून बूट शोधत होता.

तक्त्यात रकाने आहेत :
बुडवली, दहा. हाकलली, चार. निसटलात, तीन.
त्याखाली मी पेन्सिलनं लिहिलं : जाऊ दिली.
पुढे अंक लिहिला. पुसला.
दुसरा लिहिला. तोही.
खोडरबराचा चुरा फ्योर्डभर.

पाचवी चाचणी गुरुवारी.
वाफल्स गुनवोर आणणार आहे.
आयलिफ येतो म्हणाला नाही,
येत नाही असंही म्हणाला नाही.