दोन टोकांना दोन मुठी

नाव तयार होऊन आठवडा झाला
आणि ती उचलता येत नव्हती.

सतरा फूट. प्लायवूड, वर काचेचं कापड, इपॉक्सीचे तीन हात.
वजन चोवीस किलो, भुसाराच्या काट्यावर
एकेक टोक ठेवून केलेली बेरीज.
चोवीस किलो म्हणजे काहीच नाही.
पण गुळगुळीत. काखेतून सुटते, छातीवरून घसरते.
धरायचं कुठं, ते मी तिला दिलंच नव्हतं.

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी पॅटर्न केले,
पंपाचे, व्हॉल्व्हचे, कसल्या कसल्या झाकणांचे.
सागवानातून आकार काढायचा, वाळूत दाबायचा,
अलगद उचलून घ्यायचा.
राहिलेल्या पोकळीत लोखंड जातं
आणि नाव लोखंडाचं होतं.
ही पहिली वस्तू, जिच्या पोकळीत मीच बसणार.

तिच्या नाकात भोक पाडायला हात धजेना.
आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीनं बुजवायचं,
दोन रात्री वाळू द्यायचं, मग मधोमध लहान,
म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.
तम्माण्णा ढवळी दारात उभा.
"काय करूलालास रे? पाडूलालास का बुजवूलालास?"

गणपत गल्लीतून स्टीलच्या कड्या आणल्या होत्या.
सुलभा म्हणाली, कड्या नकोत.
ती माजाळीची, बापाची रापण होती.
"लाटेत नाव फिरते. बोटं कडीत असली
की बोटंही फिरतात. आमच्या पुरसूकाकाची..."
आणि तिनं आपलीच दोन बोटं दुमडून दाखवली.
इतक्या वर्षांच्या संसारात
हा काका आज पहिल्यांदा घरात आला.

तम्माण्णा उठून गेला, परत आला तो
हातात दोन धोटे घेऊन.
माग विकून दोन वर्षं झाली. हे विकले नव्हते.
कांडी बदलताना धरून धरून चकाकलेले.
मी पितळी टोकं कापली तेव्हा
तो रस्त्याकडे बघत राहिला.
मधून भोक, त्यातून दोरी,
आणि कांडी बसायची त्या खोबणीत
गाठ जाऊन बसली,
जशी काही तिच्यासाठीच कोरली होती.

डेकवर आठ आकडे. प्रत्येकाखाली रबरी वॉशर,
टेम्पोच्या जुन्या ट्यूबमधून कापलेला.
नट आतल्या अंधारात लावायचे,
माझा हात कोपराशीच अडतो.
सुलभा पालथी पडून खांद्यापर्यंत आत.
वर मी पेचकस फिरवतो.
"धरलंस?"
"धरलंय."
"धरलंस?"
"धरलंय म्हणते ना."
आठ वेळा.
मग तिनं कडेनं दोरी ओढली, ताणली, गाठ मारली.
गाठीचं नाव विचारलं तर म्हणाली, गाठीला कसलं नाव.

पहाटे वडगावात मागांची खटखट सुरू व्हायच्या आधी
आम्ही दोघं, एक पुढं, एक मागं.
"हिडी!" तम्माण्णा मागून ओरडला.
त्याच्या भाषेत हिडी म्हणजे मूठ,
आणि हिडी म्हणजेच धर.
मी धरली.
नाव उठली. नुसती उठली,
काही घडलंच नाही अशी.

"बसायला एकटा," तो मागून धापा टाकत,
"आणि उचलायला दोघं. हा कुठला हिशोब?"
मी काही बोललो नाही. वळण आलं होतं.
विजेचा खांब, एक झोपलेली म्हैस,
सतरा फूट गल्लीत मावत नव्हते.
मागं गेलो, तिरके झालो, पुन्हा पुढं.
सुलभा वल्हं घेऊन म्हशीला हाकलत होती.

दूधवाला पोरगा सायकलवरून उतरला,
नावेकडं बघितलं, आमच्याकडं,
मग नाक्यावर उभ्या टेम्पोकडं.
"अंकल, समुद्र कुठं आहे?"

"इथंच की," तम्माण्णा म्हणाला,
मूठ न सोडता, "जरा म्होरं."